कारखाने व गोदामें यांवरील पारव्यांचा उपद्रव आणि त्याचा बंदोबस्त

शेतकऱ्यास पांखरांशीं झगडणें नवें नाहीं. ज्वारी-बाजरी निसवल्यापासून कापणीपर्यंत माळ्यावर बसून गोफण फिरविणें, डबा वाजविणें, बुजगावणें उभें करणें हा आपल्या राखणीचा ठरलेला क्रम आहे. परंतु गेल्या दोन पिढ्यांत पुणें जिल्ह्यांतील हवेली व खेड तालुक्यांच्या शेतकऱ्यापुढें राखणीचा एक निराळाच प्रश्न उभा राहिला आहे. पिंपरी येथें १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें. भोसरी, चिंचवड व आकुर्डी येथील माळरानें कारखान्यांनीं भरलीं, आणि १९८२ सालीं पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. पुढें ही लाट इंद्रायणी ओलांडून चाकणकडे सरकली. २००९ सालीं फोक्सवॅगनचा मोटारींचा कारखाना तेथें सुरू झाला. आणि महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी, सावरदरी या गांवांच्या शिवारांत, जेथें पूर्वीं बाजरीचीं कणसें डोलत, तेथें पत्र्यांचीं छपरें चमकूं लागलीं.

जमीन संपादनांत गेल्यावर उरलेल्या तुकड्यावर शेड किंवा गोदाम बांधून तें भाड्यानें देणारे शेतकरी या भागांत आज पुष्कळ आहेत. अशा कुटुंबाचें भाडें हेंच पीक होय, व या पिकाचीहि राखण करावी लागते. भाडेकरी गोदाम सोडून जाण्याचीं कारणें अनेक असतात. पण छपराखालीं साचलेली पारव्यांची घाण हें त्यांतील एक असूं शकतें. औषधें, खाद्यपदार्थ, रंगकाम व वेष्टणाचा माल यांचा धंदा करणारा कोणीहि मनुष्य विष्ठा गळणाऱ्या छपराखालीं आपला माल ठेवण्यास तयार होत नाहीं. सबब या विषयाचा येथें विस्तारानें विचार करणें अवश्य वाटतें.

पारवा छपराखालीं कां येतो?

शहरांत ज्यास कबुतर म्हणतात तो आपला पारवाच होय. हा पक्षी मूळचा कड्यांवर राहणारा. झाडाच्या फांदीवर घरटें बांधण्याची त्याला हौस नाहीं. सह्याद्रीच्या कपारी, किल्ल्यांचे बुरूज, ओस पडलेलीं देवळें आणि जुन्या विहिरी ह्या त्याच्या पिढीजात जागा. बांधीव विहिरींत दगड टाकतांच फडफड करीत वर येणारा पारव्यांचा थवा पाहिला नाहीं असा शेतकरी विरळा. त्याला हवी असते ती वरून झांकलेली, खालून उंच, मांजराचा पाय न पोंचणारी एक आडवी कड. चार काड्या टाकल्या कीं त्याचें घरटें झालें.

आतां या दृष्टीनें आपल्या शेडकडे पाहावें. वर लोखंडी कैच्या, त्यांवर पत्रा धरणारे आडवे पट्टे, भिंत व पत्रा यांमधील मोकळी फट, दारावरील छज्जा, नांवाच्या पाटीमागील पोकळी, आणि अलीकडे छपरावर बसविलेल्या सौर तक्त्यांखालची सांवली. पारव्याच्या दृष्टीनें हा कडाच आहे, आणि तोहि असा कीं ज्याच्या पायथ्याशीं दाणा व पाणी दोन्ही आहेत. मालमोटारींतून सांडलेलें धान्य व कोंबडीखाद्य, उपाहारगृहामागें टाकलेला भात, पन्हळींत तुंबलेलें पाणी, शीतयंत्राच्या नळींतून ठिबकणारे थेंब. पक्षी आपणहून चाल करून आला असें आपण म्हणतों. वस्तुतः बांधणाराने त्याला आवतण दिलेलें असतें.

या पक्ष्याची वीणहि ध्यानांत घेण्यासारखी आहे. मादी एका वेळीं बहुधा दोन अंडीं घालते. तीं सुमारें १८ दिवसांत फुटतात, व पिल्लें साधारण एक महिना ते पांच आठवडे घरट्यांत राहतात. नर व मादी दोघेंहि आपल्या गळ्यांतील पिशवींत तयार होणारा दुधासारखा रस पिल्लांस भरवितात. त्यामुळें इतर पक्ष्यांप्रमाणें किड्यांच्या हंगामाची वाट पाहण्याची त्यांस गरज पडत नाहीं. दाणा मिळत असला म्हणजे आपल्या हवेंत वर्षांतून अनेक वेळां वीण होते.

नुकसान किती व कोणतें?

एक पारवा दिवसास सुमारें ३० ग्रॅम दाणा खातो. शंभर पारव्यांचा थवा धरल्यास दिवसास ३ किलो व वर्षास सुमारें ११ क्विंटल धान्य झालें. हें धान्य कोठून तरी येतेंच. गोदामांतून, खळ्यावरून, किंवा आपण नुकत्याच पेरलेल्या हरभऱ्याच्या सरींतून. पारवा पोपटासारखा कणसावर लोंबकळत नाहीं. तो जमिनीवरचें वेंचतो. म्हणून पेरणीच्या दिवसांत त्याचा उपद्रव अधिक दिसतो. शेडमध्यें त्याला थारा देणारा शेतकरी शेजाऱ्याच्या शेताचें, व बहुधा स्वतःच्याहि शेताचें, नुकसान पोसतो.

दुसरें नुकसान विष्ठेचें. ती पन्हळींत साचून पाण्याची वाट अडविते, पहिल्याच वळवाच्या पावसांत पाणी उलटून आंत येतें, व ओलीं राहिलेली घाण पत्र्याचा रंग व लोखंड खाते. घरट्यांतील काड्या विजेच्या पेट्यांत व पंख्यांत शिरतात. घरट्यांतील गोचिडीसारखे कीटक व उवा खालीं काम करणाऱ्यांच्या अंगावर येतात.

तिसरें व सर्वांत गंभीर नुकसान आरोग्याचें होय. वाळलेल्या विष्ठेची धूळ व पिसांची भुकटी वर्षानुवर्षें श्वासावाटे आंत गेल्यानें कांहीं माणसांच्या फुफ्फुसांस दाह होतो. वेळीं ओळखला न गेल्यास फुफ्फुसें घट्ट होत जातात व गेलेली शक्ति परत येत नाहीं. हा विकार प्रत्येकास होतो असें नाहीं, पण तो कोणास होईल हें आधीं सांगतां येत नाहीं. शिवाय जुन्या विष्ठेंत वाढणारी क्रिप्टोकॉकस नांवाची बुरशी अशक्त माणसाच्या मेंदूच्या आवरणापर्यंत पोंचूं शकते. झाडूनें कोरडी घाण झाडणारा मजूर हा या धोक्याच्या अगदीं तोंडाशीं उभा असतो, आणि त्याला तेथें आपणच उभें केलेलें असतें.

मारल्यानें संख्या कमी होते काय?

पुष्कळांचा पहिला विचार बंदुकीचा, सांपळ्याचा किंवा विषाचा असतो. याबाबत स्वित्झर्लंडमधील बाझेल शहराचा अनुभव फार बोधप्रद आहे. तेथें १९६१ ते १९८५ या काळांत सुमारें एक लाख पारवे मारण्यांत आले. तरीहि शहरांतील पारव्यांची संख्या होती तेवढीच, म्हणजे सुमारें २० हजार, राहिली. मारलेल्यांची जागा दाणा व आसरा शिल्लक असल्यामुळें नवीं पिल्लें भरून काढीत. पुढें १९८८ पासून तेथें दुसरा मार्ग धरला. लोकांनीं दाणे टाकूं नयेत म्हणून त्यांची समजूत घालण्यांत आली, व देखरेखीखालील थोडीं खुराडीं ठेवून तेथील अंडीं काढण्यांत येऊं लागलीं. चार-पांच वर्षांत थवे जवळजवळ निम्म्यावर आले. लंडनच्या ट्राफल्गार चौकांतहि २००३ सालीं दाणे टाकण्यास बंदी झाल्यावरच पारव्यांची प्रसिद्ध गर्दी ओसरली.

सरसकट पक्षी मारण्याचा परिणाम काय होतो याचा याहून कडू धडा चीनचा आहे. तेथें १९५८ सालीं चिमणी ही धान्याची शत्रु ठरवून तिच्यावर देशभर मोहीम काढली. चिमण्या गेल्या, आणि त्यांनीं खाल्ल्या असत्या त्या किडी पिकांत माजल्या. १९६० सालीं चिमणीचें नांव शत्रूंच्या यादींतून काढून तेथें ढेकणाचें नांव घालावें लागलें.

विषाविषयीं तर बोलावयासच नको. दाण्यास फोरेटसारखें विष चोळून टाकण्याची वाईट खोड कांहीं ठिकाणीं होती. त्या औषधाची विक्री व वापर ३१ डिसेंबर २०२० पासून देशांत बंद आहे. विषाचा दाणा पारवाच खाईल असा नेम नसतो. तो मोर खातो, चिमणी खाते, शेजाऱ्याची कोंबडी खाते. आणि मेलेला पारवा घार, घुबड किंवा आपलाच कुत्रा खातो.

बुजगावण्यांची गोष्ट

बाजारांत प्लास्टिकचें घुबड, चकाकणाऱ्या फिती, ससाण्याचा आवाज काढणारीं यंत्रें विकावयास येतात. या सर्वांची गत आपल्या बुजगावण्याप्रमाणेंच होते. पहिले आठ दिवस पांखरूं बिचकतें, मग त्याच्याच डोक्यावर येऊन बसतें. मनुष्यास ऐकूं न येणारा सूक्ष्म नाद सोडणाऱ्या यंत्रांवर तर पैसा घालवूंच नये. तो नाद पारव्यासहि ऐकूं येत नाहीं. पट्ट्यांवर चिकट खळ लावण्याचीहि एक रीत आहे. तींत पारव्याचे पाय मळतात इतकेंच, पण चिमणी व पाली मात्र अडकून तडफडून मरतात. ही रीत त्याज्य समजावी.

खरा बंदोबस्त

सारांश, पारव्यास हाकलण्यापेक्षां त्यास थारा न देणें हाच उपाय टिकाऊ आहे. तो पुढील क्रमानें करावा.

(१) दाणा बंद करावा. माल उतरविण्याचा ओटा रोज संध्याकाळीं साफ व्हावा. पारवे भल्या सकाळीं चरावयास उतरतात; रात्रभर पडलेलें धान्य तेंच त्यांचें न्याहारीचें ताट. उपाहारगृहाचें उष्टें झांकणाच्या पिंपांतच जावें. उघड्या उष्ट्यावर पारव्यांच्या जोडीस कावळे व घारीहि येतात.

(२) पाणी बंद करावें. पन्हळींचा उतार तपासावा व त्यांतील गाळ मृगापूर्वीं व पावसाळ्यानंतर काढावा. गळके नळ व शीतयंत्राच्या नळ्या गटारास जोडाव्या.

(३) बसण्याची कड मोडावी. भिंतीचा कठडा, छज्जा व खिडकीखालची पट्टी यांवर ४५ अंशांहून अधिक उताराचा पत्रा किंवा गिलावा बसवावा. उतरणीवर पारवा ठरत नाहीं. अरुंद पट्ट्यांवर बोथट टोकांच्या उभ्या तारा लावल्या तरी चालतें. मात्र त्यांत काड्याकचरा साचूं देऊं नये, नाहींतर त्या तारांचाच घरट्यास आधार होतो.

(४) आंत येण्याची वाट बुजवावी. नागमोडी पत्र्याच्या टोकाच्या फटी, आढ्यावरील हवेच्या जागा व धूर जाण्याचीं भोकें जाळीनें बंद करावीं. जाळीचें भोंक ५० मिलिमीटरचें असल्यास पारवा, २८ चें असल्यास साळुंकी, व १९ चें असल्यास चिमणी अडते. जाळी उन्हांत न कुजणाऱ्या धाग्याची असावी व ती ढोलकीच्या कातड्यासारखी ताणून बसवावी. सैल जाळींत पक्षी गुंततात, मरतात, व त्यांचा वास आणि बदनामी दोन्ही मालकाच्या वांट्यास येतात. सतत उघड्या राहणाऱ्या दारांवर जाड पारदर्शक पट्ट्यांचा पडदा सोडावा.

(५) जुनी घाण ओली करून काढावी. कोरड्या विष्ठेस झाडू लावूं नये. ती पाण्यांत जंतुनाशक मिसळून हळू भिजवावी, खरडून पिशवींत भरावी, पिशवीचें तोंड बांधावें. काम करणाऱ्यास हातमोजे, झांकलेला पोशाख व नाकातोंडास एन-९५ जातीची मुखपट्टी दिल्यावांचून त्यास वर चढवूं नये. उंचीवर चढणाऱ्यास दोर बांधणें हेंहि त्यांत आलें.

हा क्रम उलटा केल्यास, म्हणजे दाणा तसाच ठेवून केवळ जाळी मारल्यास, पारवे शेजारच्या शेडमध्यें जातात व जाळी फाटतांच परत येतात. यासाठीं एका रांगेंतील मालकांनीं एकाच वेळीं काम करणें हितावह आहे. बांधावर तण राखून एकट्यानें खुरपणी करण्यासारखेंच हें आहे.

कायदा व काळवेळ

वन्यजीव संरक्षणाचा अधिनियम १९७२ सालचा आहे. त्यांतील शिकार या शब्दाच्या अर्थांत संरक्षित वन्य पक्ष्यांचीं अंडीं फोडणें, तसेंच अंडीं व घरटीं यांस धक्का लावणें हेंहि येतें. घार, घुबड, मोर, पोपट व साळुंकी यांस या अधिनियमाचें संरक्षण आहे. कावळा पूर्वीं उपद्रवी प्राण्यांच्या परिशिष्टांत होता. २०२२ सालच्या दुरुस्तीनें, जिचा अंमल १ एप्रिल २०२३ पासून सुरू झाला, तें परिशिष्टच रद्द झालें. शिवाय १९६० सालचा प्राण्यांस क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम आहेच. म्हणून घरटें कोणाचें आहे याची खात्री झाल्यावांचून काठी उचलूं नये. शंका असल्यास वनखात्यास विचारावें.

कायद्याची गोष्ट बाजूस ठेवली तरी व्यवहारहि हेंच सांगतो. आंत पिल्लें असतांना जाळी लावल्यास तीं आंतच मरून कुजतात, व त्यांचीं मायबापें जाळीवर धडका घेत राहतात. आधीं प्रत्येक कैची पाहावी. अंडीं किंवा पिल्लें असल्यास तीं उडून जाईपर्यंत, म्हणजे अंडीं घातल्यापासून सुमारें ५० दिवस, तेवढी जागा मोकळी सोडावी. पारव्याची नवी वीण जुनीं पिल्लें उडण्यापूर्वींच सुरू होऊं शकते. म्हणून पिल्लांवर नजर ठेवून तीं निघतांच त्याच दिवशीं जागा बंद करावी.

मित्र कोण व शत्रु कोण?

या कामांत सर्व पांखरें एका मापानें मोजूं नयेत. पुसा येथील संशोधनसंस्थेंतून मेसन व मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनीं हिंदुस्थानांतील पक्ष्यांच्या अन्नाविषयींचा ग्रंथ १९१२ सालीं प्रसिद्ध केला. पक्ष्यांच्या जठरांत प्रत्यक्ष काय सांपडलें हें पाहून कोणता पक्षी शेतीस हितकारक व कोणता अपायकारक हें ठरविण्याची ती पद्धत आजहि अनुकरणीय आहे. नांगरामागें चालणारा बगळा, तारेवर बसणारा कोतवाल आणि साळुंकी हे पुष्कळशा किडी खातात. गव्हाणी घुबड तर गोदामाच्या मालकाचा बिनपगारी रखवालदार होय. त्याचें मुख्य खाद्य उंदीर व घुशीचीं पिल्लें. तें अशुभ मानून त्याला हाकलणारा मालक पुढें उंदरांच्या विषावर पैसा खर्च करतो. शेडचें आढें बंद करतांना बाहेर, बांधावरच्या उंच झाडावर, घुबडासाठीं एक लांकडी पेटी टांगावी.

दया व दाणा

पांखरांस दाणा घालणें हें आपल्याकडे पुण्यकर्म मानलें आहे, आणि त्यामागील भावना मोठी आहे. परंतु मुंबईंत या प्रश्नाचें कसें भांडण झालें तें सर्वांनीं पाहिलें. जुलै २०२५ मध्यें राज्यसरकारनें तेथील ५१ कबुतरखाने बंद करण्याची घोषणा विधानपरिषदेंत केली. प्रकरण उच्च न्यायालयांत गेलें. दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री घालण्यांत आली, आणि ६ ऑगस्ट २०२५ रोजीं निदर्शकांनीं ती ओढून काढली. एका बाजूस खोकल्यानें बेजार रहिवासी, दुसऱ्या बाजूस श्रद्धाळू दाते, आणि मध्यें भुकेलीं पांखरें. वर्षानुवर्षें पोसलेली गर्दी एका दिवसांत मोडूं जातां असें होतें. आपल्या भागांत कारखान्यांच्या फाटकांजवळ व नव्या वसाहतींच्या कोपऱ्यांवर दाणे टाकण्याच्या अशा जागा होऊं लागल्यास आरंभींच गोडीनें सांगावें. ज्यास दान करावयाचें असेल त्यानें बांधावर बोर, उंबर किंवा वड लावावा, उन्हाळ्यांत झाडाखालीं मातीच्या परळांत पाणी ठेवावें व तें रोज बदलावें. त्यानें अनेक जातींचीं पांखरें जगतात, व एकाच जातीची गर्दी होत नाहीं.

करारनाम्यांत काय असावें?

शेवटीं मालकांसाठीं एक व्यवहाराची सूचना. शेडचा भाडेकरार करतांना जाळी कोणी बसवावयाची, फाटल्यास कोणी दुरुस्त करावयाची, पन्हळी कोणी व केव्हां साफ करावयाच्या, आणि आवाराची झाडलोट कोणाकडे, हीं चार कलमें स्पष्ट लिहून घ्यावीं. हीं नसल्यास मालक भाडेकऱ्याकडे व भाडेकरी मालकाकडे बोट दाखवितो, आणि पारवे मध्यें अंडीं घालतात. नवें शेड बांधणाऱ्यानें नकाशा मंजूर करण्यापूर्वींच अभियंत्यास कड, फट व पन्हळ या तीन गोष्टी विचाराव्या. पत्रे चढविण्यापूर्वीं बसविलेली जाळी थोडक्यांत होते. यंत्रें मांडल्यावर तेंच काम करावयाचें तर परांची बांधावी लागते व कारखाना थांबवावा लागतो.

शेतांत आपण पांखरांस हाकलतों तें पीक उभें आहे तोंवर, कारण शेत उघडें ठेवण्यावांचून गत्यंतर नसतें. इमारतीचें तसें नाहीं. तिचें दार, आढें व कड आपल्या हातीं आहे. ज्यानें ती कड आज बंद केली त्यास उद्यां गोफण हातीं घ्यावी लागणार नाहीं, मजुराचीं फुफ्फुसें धोक्यांत घालावीं लागणार नाहींत, आणि एकाहि पांखराचा जीव घ्यावा लागणार नाहीं. पावसाळा संपून शेडची डागडुजी निघेल तेव्हां वाचकांनीं प्रथम शिडी लावून आपल्या छपराखालीं काय आहे तें स्वतः पाहावें, इतकीच विनंति आहे.